चार पट्ट्यांचं शीड

दोन हजार सतरा साली दसरा गेला, दिवाळी गेली, तरी सरवरीच्या मशीनवर नव्या कपड्याचं ब्लाउज म्हणून चढलं नाही. मलकापुरात जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. दरवर्षी कापसाच्या गाड्यांमागोमाग खेड्यापाड्यातल्या बायका यायच्या, आणि दिवाळीच्या महिन्यात तिला पाणी प्यायची फुरसत नसायची. त्या साली बोंडात गुलाबी अळी निघाली. जे बियाणं अळीला दाद देत नाही म्हणून सगळ्यांनी लावलं, त्याच्याच बोंडात ती आरामात बसलेली. बायका आल्या, पण जुनं उसवायला, ढिलं करायला, फार तर चेन बदलायला.

अशाच एका दुपारी माणिकराव दुकानात आले. हातात कागदाची लांब गुंडाळी होती. माणिकराव साठीचे, सडपातळ, ताठ चालणारे. नौदलात पंधरा वर्षं जहाजाची सुतारकी करून गावी परतलेले. समुद्रापासून इतक्या लांब राहूनही लोक त्यांना खलाशीच म्हणत. पाच एकर कपाशी होती, तिच्यात त्यांनी आठ दिवसांपूर्वी गुरं सोडली होती. पेन्शन होतं म्हणून घरात चूल पेटत होती, पण सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न होता.

"भाभी, एक शीड शिवून देता का?" त्यांनी विचारलं.

"शीड? म्हंजे काय थे?"

"जहाजाचं. हवा भरते ना त्याच्यात, थे."

सरवरीनं चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. पीक गेल्यापासून माणसं काहीबाही बोलू लागली होती, म्हणून तिला आधी काळजीच वाटली.

माणिकरावांनी गुंडाळी उघडली. आत एका होडीचा नकाशा होता. होडी पाण्यावर रिमोटनं चालवायची, पण मोटरनं नाही, वाऱ्यानं. रिमोटला दोनच कामं: एक सुकाणू वळवायचं, दुसरं शिडाची दोरी ओढायची किंवा सैल सोडायची. बाकी सगळं वाऱ्याचं आणि तुमचं. कोचीला असताना एका अधिकाऱ्याबरोबर ते अशा होड्या चालवत. त्या अधिकाऱ्यानं जाताना हा नकाशा आणि नियमांची वही त्यांना दिली होती. पंचवीस वर्षं ती ट्रंकेत पडून होती.

"एक मीटरहून लांब नाही चालत. चार किलोहून हलकी नाही चालत. खालचा शिशाचा गोळा आन त्याची पात मिळून अडीच किलोच्या वर नाही. शिडाची रुंदी कुठं किती, थेही लिहून हाय," माणिकराव बोटं मोजत होते. "नागपूरले फेब्रुवारीत शर्यत हाय. जनकाबाई म्हने, घरात बसून भिंती पाहन्यापेक्षा थे ट्रंक तरी उघडा."

जनकाबाई म्हणजे त्यांची बायको. तिनं सांगितलं म्हटल्यावर सरवरीला धीर आला. वेडाचं काही नव्हतं तर.

होडीचं अंग बनवायचं काम सरवरीच्या नवऱ्याकडे आलं. अब्दुल गनी दारं-खिडक्या करणारा सुतार. लोकांची घरं बांधायची थांबली तशी त्याचीही कामं थांबली होती. "खेळन्यासाठी मी रंधा नाही धरत," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सावरीचं हलकं लाकूड शोधायला सायकलवरून निघून गेला. त्याच्या तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या काढून त्यानं त्या साच्यावर अशा चिकटवल्या, की माणिकराव नुसते हात फिरवत बसले.

"कशी झाली?" गनीनं विचारलं.

"नौदलात असता तं तुमाले सोडलं नसतं," माणिकराव म्हणाले. गनी दोन दिवस त्या वाक्यावर जगला.

शिडाचं मात्र जमेना. सरवरीनं आधी छत्रीच्या कापडाचं शिवलं. त्यातून वारा गळायचा. मग माणिकरावांनी इंजिनियर लोक नकाशे काढतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणला. तो तिनं मशीनवर घातला, तर सुईच्या भोकांच्या रांगेवरून पोस्टाच्या तिकिटासारखा फाटला. शेवटी शिवण सोडून दोन्हीकडून चिकटणारी पट्टी वापरली, तेव्हा शीड टिकलं. तिघं ते घेऊन नळगंगा धरणावर गेले. होडी पाण्यात सुंदर दिसली, पण चालायला तयार नव्हती. वारा आला की शीड फळीसारखं ताठ उभं राही, होडी आडवी व्हायची आणि जागच्या जागी सरकायची.

"डिझाइन चुकलं का?" गनीनं विचारलं.

"नाही हो. शिडाले पोट पाह्यजे. थोडंसं. आमच्या वेळी तयार शिडं यायची, कसं आननार थे पोट?" माणिकराव काठावरच्या दगडावर बसले. त्या दिवसांत ते लवकर थकत.

सरवरी पाण्यात गुडघाभर उतरून होडी धरून उभी होती. ओल्या शिडाकडे पाहता पाहता ती एकदम हसली.

"काऊन हसता भाभी?"

"माणिकभाऊ, मी अठ्ठावीस वर्सं काय करून राह्यली? सपाट कपड्याले गोलाई देते ना मी! ब्लाउजले टक्स घेतो तसं. तुमी मले एका तुकड्यात कापाले लावलं. एका तुकड्यात कधी पोट येते का?"

घरी येऊन तिनं शीड आडव्या चार पट्ट्यांत कापलं. प्रत्येक पट्टीची एक कड सरळ, दुसरी किंचित बाकदार. बाक इतका कमी, की माणिकरावांना तो दिसेना. सरळ कडेला बाकदार कड चिकटवत गेली तसं शीड पाटावरून आपोआप उचललं गेलं, फुंकर घातल्यासारखं. पोट पुढच्या बाजूला जास्त, मागे निमुळतं. कुठं किती हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नियमांची वही काढून माणिकरावांनी चार ठिकाणी रुंदी मोजली. सगळी नियमात बसली.

धरणावर होडी त्या दिवशी सुटली ती सरळ पलीकडे खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या डब्याकडे, बोयाकडे. मासे धरणारे दोघे जाळं टाकायचं विसरून पाहत राहिले. माणिकरावांनी रिमोट घट्ट धरला होता, पण थोड्या वेळानं त्यांचे खांदे पडले.

"भाभी, शीड कोन्त्या बाजूले हाय?"

"डाव्या."

"मले दिसत नाही." त्यांनी डोळे चोळले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. पन्नास मीटरवर गेली की होडी त्यांना पांढरा ठिपका दिसे. त्यांनी रिमोट सरवरीच्या हातात दिला. तिला सुईत दोरा ओवायला चष्मा लागायचा, पण दूरचं शिवाराच्या टोकावरचं झाड पानासकट दिसायचं.

"मी? मले काय येते?"

"मी शिकवतो ना. पन शर्यतीत बोलता नाही येत बरं. बाहेरून कोनी सांगितलं तं नियमात नाही बसत. तवा आताच शिकून घ्या."

दोन महिने ते शिकवत राहिले. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, तिरकं तिरकं जायचं. उजव्या अंगानं वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. बोयाला धक्का लागला तर कुणी पाहो न पाहो, आपण होऊन एक गिरकी घ्यायची. सरवरी कणीक मळताना हात डावीकडे-उजवीकडे हलवत पुटपुटायची. गनी ताटावर बसून म्हणायचा, "पोळी वाऱ्यावर चालली का?" पण दर शुक्रवारी नमाजानंतर होडी सायकलला बांधून तोच धरणावर न्यायचा.

फेब्रुवारीत तिघं नागपूरच्या गाडीत बसले. होडीसाठी गनीनं लांब पेटी केली होती. समोरच्या माणसानं विचारलं, "बाजाची पेटी हाय का?" गनी गंभीरपणे "हाव" म्हणाला, आणि अकोल्यापर्यंत त्याला कव्वालीच्या फर्माइशी ऐकाव्या लागल्या.

तलावाच्या काठावर चौदा होड्या होत्या. हैदराबाद, पुणे, मुंबईच्या. बहुतेकांच्या बाहेरून मागवलेल्या, काचेसारख्या चकचकीत. आधी मोजणी होती. मोजणी करणारे साहेब शांत, पांढऱ्या टोपीतले. त्यांनी लांबी घेतली, ठीक. शीड उजेडात धरून पाहिलं, चारही पट्ट्यांवरून बोट फिरवलं, मोजलं, ठीक. मग पात आणि गोळा काट्यावर ठेवला.

"दोन किलो पाचशे ऐंशी. ऐंशी ग्रॅम जास्त आहे. असं उतरता येणार नाही."

माणिकरावांचा चेहरा उतरला. "साहेब, मी सोता मोजला. दोन हजार चारशे नव्वद होता. घरच्या काट्यावर तीनदा मोजला."

काटा पुन्हा लावला. आकडा तोच. मागे कुणीतरी हळूच हसलं. माणिकराव वही चाळू लागले, जणू तिच्यात दुसरा काही आकडा सापडेल. सरवरीनं नवऱ्याकडे पाहिलं. गनी तलावाकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"अजी," ती म्हणाली, "गोळ्याले रंग कोनं दिला मंग?"

गनीनं पायानं काठावरची माती उकरली.

"सांगा की."

"शिशाचा पत्रा गुंडाळला खाली," तो अखेर म्हणाला. "वरून पुट्टी भरली, रंग दिला. शिकतानी धरनावर एक दिवस जोराचा वारा आला तं होडी पार झोपली होती. तू किती घाबरली होतीस. मले वाटलं, खाली वजन जास्त असलं तं उभी राह्यन. इतक्या लोकांत तुयी होडी पडाले नको."

माणिकरावांना राग आला होता, तो त्यांच्या मानेवर दिसत होता. पण ऐकता ऐकता तो कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसेल. "गनीभाई," ते म्हणाले, "नियम असतात हो. सगळ्यांच्या होड्या सारख्या पडल्या पाह्यजे, तवाच कोन चालवते थे कळते."

"मले काय मालूम! तुमी वही मराठीत कुठं वाचून दाखवली?"

मोजणीचे साहेब हसले. अर्धा तास आहे, म्हणाले. गनीनं पिशवीतून कानस काढली. सुतार माणूस शर्यतीलाही हत्यारांशिवाय आला नव्हता. जमिनीवर मांडी घालून त्यानं आपलाच पत्रा सोलला, पुट्टी खरवडली. हैदराबादच्या एका खेळाडूनं त्याला खरकागद आणून दिला. गोळा उघडा, ओबडधोबड दिसू लागला, पण काट्यावर दोन हजार चारशे ब्याण्णव आला. "आता बरोबर," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पहिला दिवस वाईट गेला. वारा जोराचा होता, होडी नाक पाण्यात खुपसायची. सरवरी एका फेरीत बारावी आली, दुसरीत तेरावी, एकदा बोयाला घासली आणि गिरकी घेता घेता सगळ्यांत मागे पडली. माणिकराव आणि गनी दोरीपलीकडे उभे होते. बोलायची बंदी असल्यानं माणिकरावांनी रुमालच दातात धरला होता. गनी त्यांच्या पाठीवर थापटत होता. संध्याकाळी धर्मशाळेत सरवरी म्हणाली, "उद्या मी नाही जात. हसतात लोक."

"हसले नाही कोनी," गनी म्हणाला. "तू गिरकी घेतली ना, तवा त्या साहेबानं वहीत काई तरी लिहिलं आन मान हलवली. मी पाह्यलं."

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा जवळजवळ पडला. तलावावर नुसत्या सुरकुत्या येत-जात होत्या. महागड्या होड्यांची शिडं लोंबू लागली. सरवरीचं शीड मात्र जराशा झुळुकीनंही भरायचं. तिनं दोरी थोडी सैल सोडली, सुकाणूला हात न लावल्यासारखा लावला, आणि वाट पाहिली. कपड्यावर दाब देऊन काम करायची तिला सवयच नव्हती. होडी कुणाला न सांगता पुढे सरकली. पहिल्या बोयाला ती पाचवी होती, दुसऱ्याला दुसरी. शेवटच्या पट्ट्यात पुण्याच्या होडीनं वाऱ्याच्या शोधात लांबचा फेरा घेतला. सरवरीला मात्र काठालगत पाण्यावर वाऱ्यानं काळसर झालेला एक पट्टा येताना दिसला, आणि ती तिकडे वळली. शिटी वाजली तेव्हा पुण्याची होडी दोन हात मागे होती.

माणिकरावांनी तोंडातला रुमाल काढून हवेत हलवला. गनी सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडला, "पाह्यलं का! पाह्यलं का बाप्पा!"

एकूण निकालात ती नववी आली. बक्षीस पहिल्या तिघांना होतं. निघताना हैदराबादचा तो खेळाडू तिच्याजवळ आला आणि शिडाच्या पट्ट्यांवर बोट ठेवून विचारू लागला, हे कोणत्या संगणकावर काढलं. सरवरीला प्रश्न कळला नाही. माणिकरावांनी समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "संगनक नाही हो. हातानं. ब्लाउजचं काम हाय माह्यं." त्यानं शीड पुन्हा उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाला, माझ्यासाठी दोन शिडं करून द्याल का? मागून मुंबईच्या माणसानंही पत्ता लिहून घेतला.

उन्हाळ्यापर्यंत सहा शिडं झाली. माणिकरावांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि ते रोज सकाळी दुकानात येऊन मापं तपासू लागले. सकाळी उठून जायला आता ठिकाण होतं. नियमाप्रमाणे शिडाच्या खालच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण घालता येते, असं त्यांनीच सांगितलं. गनी म्हणाला, होडी काढ. माणिकराव म्हणाले, नांगर काढा. सरवरीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि निळ्या शाईनं लिहिलं: सरवरी, मलकापूर.

पहिलं पार्सल घेऊन ती पोस्टात गेली. खिडकीतल्या बाईनं, कोकिळानं, लांब नळी हातात घेऊन हलवून पाहिली. कोकिळाची ब्लाउजं सरवरीच शिवायची.

"काय हाय आत, चाची?"

"शिडं."

"कशाची?"

"जहाजाची," सरवरी म्हणाली. "हैदराबादले जाऊन राह्यली. मोडू नको म्हनून लिहिजो वरतं."

कोकिळानं लाल पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: जहाजाची शिडं, मोडू नये.