भिंतीवरचे सात गोल

मंगळवारी सकाळी साडेदहाला नगरपालिकेची दोन माणसं पंप घेऊन आली आणि मैदानाच्या भिंतीवर चुना मारू लागली. शहराची स्वच्छता तपासायला वरून पथक येणार होतं. पथकाच्या वाटेवर जे जे काळंबेरं दिसेल ते पांढरं करा, असा हुकूम निघाला होता. त्या काळ्याबेऱ्यात छापखाना आणि डेपो या दोन फुटबॉल संघांमधल्या अडतीस वर्षांच्या सामन्यांचे निकालही आले.

समोरच औषधाचं दुकान होतं. दुकानदार काउंटरमागून सगळं पाहत होता. त्याने कुणाला थांबवलं नाही. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने दोघांना पाणी दिलं, डावीकडचा एक पट्टा राहिल्याचं दाखवलं आणि दुसरा हात मारणार का, अशी चौकशी केली. मारणार आहोत, असं ते म्हणाले. त्यावर त्याने त्यांना आणखी पाणी दिलं.

त्याचं कारण भिंतीवरची अकरावी ओळ. सत्तावीस वर्षांपूर्वी छापखान्याने त्या सामन्यात शून्य गोल केले होते आणि डेपोने सात. छापखान्याचा गोलकीपर हाच औषधवाला होता. त्या संध्याकाळी कुणीतरी त्याला 'चाळण' म्हटलं आणि ते नाव त्याला असं चिकटलं की आता ज्यांनी सामना पाहिला नव्हता तेही त्याला चाळणकाका म्हणत. काहींना ते आडनाव वाटे. दोन लग्नपत्रिका त्याच नावाने आल्या होत्या, 'सहकुटुंब सहपरिवार' असं लिहून. दुकान त्याने सामन्यानंतर तीन वर्षांनी घेतलं. जागा बघायला गेला तेव्हा समोर ट्रक उभा होता, त्यामुळे काउंटरवरून काय दिसतं ते त्याला कळलं नाही. करार झाला आणि ट्रक निघून गेला.

डेपोचे लोक मुद्दाम त्याच्याकडूनच औषधं घ्यायचे. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर सात दिवसांच्या मागायचे. एकदम सात आत गेल्या तर माणूस वाचतो का, असं गंभीर चेहऱ्याने विचारायचे. चाळण तितक्याच गंभीरपणे, वाचतो पण त्याला कुणी विसरू देत नाही, असं सांगायचा.

संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे म्हातारे भिंतीसमोर जमले. दुखवट्याला यावं तसे आले होते, फक्त रडायचं कुणासाठी यावर एकमत नव्हतं. निकालांची दुसरी नोंद कुठेच नव्हती. ज्या साप्ताहिकात ते छापून यायचे ते बंद पडून त्याचे अंक रद्दीत गेले होते. लोकांच्या फोनमध्ये भिंतीचे फोटो सापडले, पण फोटो काढणाऱ्याला भिंतीत रस नव्हता. वरच्या तीन आणि खालच्या सहा ओळी दिसत होत्या, मधे हसणारी डोकी होती.

शेवटी ठरलं की रविवारी बसायचं, दोन्ही बाजूंनी आठवून एकेक निकाल मान्य करायचा आणि मग रंगाऱ्याने तो पुन्हा भिंतीवर लिहायचा. बैठक कुठे, यावर तीन दिवस गेले. डेपोच्या कँटीनमध्ये छापखाना जाईना, छापखान्याच्या वाचनालयात डेपो जाईना. अखेर दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आपली खोली दिली. त्या सहा वर्षांपूर्वी बाहेरून आल्या होत्या, दोन्ही बाजूंचे दात त्यांनी सारख्याच निर्विकारपणे काढले होते आणि फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं. त्यामुळे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं.

शुक्रवारी चाळण छापखान्याच्या जुन्या कॅप्टनकडे गेला. कॅप्टन अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त कंपोझिटर. टाइप उलटे वाचायची सवय जन्मभर लागल्याने समोरच्याचा चेहराही तो आरशात पाहावा तसा पाहत असे. चाळणने आडवळणं घेतली नाहीत. ती अकरावी ओळ परत नको, असं सांगितलं. चोवीस वर्षं दुकानाचं शटर उघडल्यावर पहिल्यांदा तीच दिसते, आता चार दिवस नुसता चुना दिसतोय आणि रोजची आम्लपित्ताची गोळी त्याने दोनदा घेतलेली नाही.

कॅप्टनने विचार केला. सामन्याच्या पुढच्याच वर्षी मैदानाखालची पाण्याची पाइप फुटली होती आणि सामना झाला नव्हता. ती पाइप एक वर्ष आधी फोडायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. दुरुस्ती लांबली म्हणायचं, म्हणजे दोन्ही वर्षं कोरडी. किंवा ओली.

"पण डेपोवाले फुकट गप्प नाही बसणार," तो म्हणाला. "त्यांना काहीतरी द्यावं लागेल."

दिला तो चष्म्याचा सामना. डेपोचा गोलकीपर पडलेला चष्मा शोधत असताना छापखान्याने गोल मारून तो सामना दोन-एकने जिंकला होता आणि डेपोच्या सेक्रेटरीला त्याचं दुःख अजून होतं. तो एक-एक बरोबरीत सोडवायचा, बदल्यात पाइप दोन वर्षं फुटलेली. कॅप्टन आणि सेक्रेटरी यांनी शनिवारी बागेतल्या बाकावर बसून, एकमेकांकडे न बघता, हा व्यवहार पक्का केला.

रविवारी सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत माणसं बसली. भिंतीवर हिरड्यांची चित्रं होती. रंगारी पेन्सिल आणि वही घेऊन दाराशी. बाईंनी सुरुवातीलाच एका संघात किती खेळाडू असतात ते विचारून घेतलं आणि वहीत टिपलं.

पहिला अर्धा तास जुन्या दिवसांत गेला. आता सामन्याला साठ माणसं येतात आणि त्यातली निम्मी सावली शोधत आलेली असतात, तेव्हा बारा हजार यायची, असं सेक्रेटरी म्हणाला. मैदानात दोन हजारांच्या वर माणूस मावत नाही, हे रंगाऱ्याने दारातून सांगितलं. उरलेले झाडांवर असायचे, असं दोन्ही बाजूंनी एकमुखाने उत्तर आलं. त्या सकाळी त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. झाडं तीन होती.

मग निकाल सुरू झाले. कुणालाच वर्षं आठवत नव्हती. लग्नं, बाळंतपणं आणि बदल्या मात्र आठवत होत्या. माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं त्या वर्षी तीन-एक, असं सेक्रेटरीने सांगितलं. मेहुण्याचं लग्न दोनदा मोडलं आहे, कोणतं, असं कॅप्टनने विचारलं. सेक्रेटरीने घरी फोन लावला. फोनवर त्याला निकाल मिळाला नाही, पण बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. अशा गतीने दहा ओळींना दोन तास लागले. मधल्या वेळात चष्म्याचा सामना कॅप्टनने न कुरकुरता बरोबरीत सोडून दिला. छापखान्याची माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने फक्त हिरड्यांचं चित्र पाहिलं.

"अकरावी," बाई म्हणाल्या.

"त्या वर्षी सामना झाला नाही," कॅप्टन म्हणाला. "पाइप फुटली होती."

सेक्रेटरीने मान डोलावली. आपल्यालाही पाइपच आठवते, असं तो म्हणाला. रंगाऱ्याने पेन्सिल टेकवली. चाळण आपल्या बुटांकडे बघत होता.

एवढ्यात कोपऱ्यातून मास्तर उठला. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारा. शहरातली निम्मी माणसं त्याच्या शेजारी बसून घाबरायला शिकली होती. तरुणपणी तो डेपोचा सेंटर फॉरवर्ड. सेक्रेटरीने त्याला व्यवहारात घेतलं नव्हतं, कारण मास्तरला गुपित सांगणं म्हणजे हॉर्नवर हात ठेवणं, असा त्याचा अनुभव होता.

"कसली पाइप?" मास्तर म्हणाला. "आठ-शून्य आहे ते. त्यातले तीन माझे."

सेक्रेटरीने त्याला बाही धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. मास्तर बसेना. नातवंडांना आपण दर रविवारी हे तीन गोल सांगतो आणि आता कुणी पाइप फोडली तर त्यांना तोंड कसं दाखवायचं, असा त्याचा मुद्दा होता. आठ नव्हतेच, फार तर पाच असतील, असं छापखान्याच्या बाजूचा एकजण म्हणाला. मग पाच की पाइप, असं बाईंनी विचारलं. सेक्रेटरी पाइपवर ठाम होता. आपल्याच विजयाविरुद्ध इतका ठाम माणूस बाईंनी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी हात वर करून मत घेतलं. पाइपच्या बाजूने सात हात आले, मास्तरचा एकटा विरोधात. चाळणचा हात अजून वर गेला नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. बाईंनी रंगाऱ्याला लिहायला सांगितलं.

"लिहा काय वाटेल ते," मास्तर म्हणाला. "पण शेवटची पेनल्टी मी मारली आणि ती आत गेली. हा चाळण जागचा हललासुद्धा नाही. खांबासारखा उभा होता."

"हललो," चाळण म्हणाला.

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलं, मग मानेने खूण केली की गप्प बस, जिंकलोय आपण. चाळणला ती दिसली. तो उभा राहिला.

"सात झाले. आठवा मी अडवला."

मग त्याने सातही सांगितले. क्रमाने, घाई न करता, औषध कसं घ्यायचं ते समजावतात तसे. पहिला नवव्या मिनिटाला, कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर, उन्हात डोळे दिपल्यामुळे. दुसरा मास्तरचा. तिसरा आपल्याच संघाच्या बॅकच्या गुडघ्याला लागून. चौथ्याच्या वेळी तो पडलेला होता आणि पाचवा झाला तेव्हा अजून उठत होता. सहावा पुन्हा मास्तरचा, चांगला होता, कुणालाच अडवता आला नसता. सातवा पायांमधून. त्यानंतर शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. मास्तरने उजवीकडे मारली, त्याने उडी घेऊन दोन्ही हातांनी बाहेर ढकलली, आणि तोपर्यंत लोक घरी निघाले होते म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"खोटं आहे," मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "साफ खोटं. तू आधीच हललास. मी चेंडूला पाय लावायच्या आत रेषा सोडलीस तू. नियमाने ती मला परत मारायला मिळायला हवी होती. पंचाला मी तेव्हाही सांगितलं."

डॉक्टरीणबाई वहीत काहीतरी शोधत होत्या. त्यांनी मान वर केली.

"एक कळलं नाही मला," त्या म्हणाल्या. "गोल झाला होता ना? मग परत कशाला मारायची?"

मास्तरने तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंसमोर अनेकांनी ते उघडलं होतं, पण इतका वेळ कुणी उघडं ठेवलं नव्हतं. मग तो सावकाश खाली बसला. सेक्रेटरीने बाही सोडली. दाराशी रंगारी हसू दाबताना खोकला आणि त्याने पाइप खोडून लिहिलं: शून्य, सात.

बाकीचे सत्तावीस निकाल दुपारी साडेतीनपर्यंत लागले. पाइप आपल्या खऱ्या वर्षी गेली, चष्म्याचा सामना पुन्हा दोन-एक झाला आणि कॅप्टन चाळणशी पायऱ्या उतरेपर्यंत बोलला नाही. खाली आल्यावर त्याने एवढंच म्हटलं, "उजवीकडे?"

"उजवीकडे," चाळण म्हणाला. "खालून."

तशी पेनल्टी कठीण असते, असं कॅप्टनने कबूल केलं.

घरी बायकोने जेवण झाकून ठेवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. भिंत पांढरी झाल्यापासून नवरा जिन्यावरून शीळ घालत उतरतो, हे तिने पाहिलं होतं. ती ओळ परत येणार म्हटल्यावर ती आधी चिडली. पेनल्टीचं ऐकल्यावर मात्र तिचा हात थांबला.

"चोवीस वर्षं संसार करतेय मी," ती म्हणाली. "हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"अगं, ज्याच्या घरी सात वेळा चोरी झाली, त्याने आठव्यांदा कडी लावली होती हे कुणाला काय सांगायचं?"

"मला सांगायचं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला. मग उडी कशी घेतली ते तिने विचारलं. छप्पन्नाव्या वर्षी, जेवणाआधी, दोन खुर्च्या बाजूला सारून त्याने ती दाखवली. पाठीला लावायचं मलम घरात होतंच.

गुरुवारी रंगारी शिडी लावून बसला. वरून दहा ओळी झाल्या तेव्हा चाळण दुकान बायकोवर सोडून भिंतीपाशी आला. अकराव्या ओळीपुढे, अगदी बारीक अक्षरांत, अडवलेल्या पेनल्टीबद्दल काही लिहिता येईल का, असं त्याने विचारलं. रंगारी नाही म्हणाला. भिंतीवर झालेले गोल लिहितात. न झालेले लिहायला घेतले तर भिंत पुढच्या गावापर्यंत न्यावी लागेल.

ते चाळणला पटलं. रस्त्यापलीकडे शिकाऊ गाडीत मास्तर बसला होता आणि गाडी विनाकारण थांबली होती. चाळणने त्याच्याकडे पाहिलं नाही. रंगाऱ्याने शून्य काढलं, रेघ मारली आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"सात नीट काढ," चाळण खालून म्हणाला. "लांबून आठ वाटायला नको."