पडणं हेच माझं काम

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. डोक्यावर कडी, पोट गोल, आणि रंग म्हणाल तर आता गंजाचाच. मित्रांनो, मला बघून कुणी 'वा' म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. पण भिंतीवर आरसा चिकटवतात, नळाकडची फट बुजवतात, त्या गोंदाची परीक्षा घेणारा मास्तर मी आहे. मास्तर देखणा नसला तरी चालतो.

माझा जन्म भट्टीतला. मोडका पंप, फाटकाचे गज आणि असलंच काहीबाही भंगार वितळवून मला साच्यात ओतलं. तिथून आलो तो थेट एका गोंदाच्या कारखान्यात. कारखाना कसला, एक लांबट खोली, तिच्यात गोंद ढवळायचं मशीन, आणि बाहेर डब्यांनी भरलेलं अंगण. दोन भावांनी तो उभा केला होता. थोरले दादा गिऱ्हाईक बघायचे. धाकटे मशीन बघायचे, त्यांना सगळे काका म्हणत.

माझं काम सोपं होतं. भिंतीवर एक उभी फळी होती. हूक बसवलेल्या फरशीच्या तुकड्याला गोंद लावून तो फळीवर दाबायचा आणि त्याच्या हुकात लगेच मला अडकवायचं. वाळायची वाट बघायची नाही. गोंद कच्चा निघाला की मी फरशीसकट घसरत खाली वाळूच्या पेटीत, धप्प! तो आवाज अंगणापर्यंत जायचा. 'पडला मेला,' असं कुणीतरी म्हणायचं. शिव्या खाल्ल्या, पण कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. नापास तो नापास.

काकांचा गोंद मात्र मला दाद देत नसे. रबर एका उग्र द्रावणात विरघळवून तो बनायचा. पकड अशी, की मी नुसता लटकत राहायचो. गोंद झाला की नाही हे बघायला काका पिंपावर वाकायचे, तोंड अगदी जवळ न्यायचे. त्या वासाने नवख्या माणसाचं डोकं भणभणायचं. काका म्हणायचे, "मला काही होत नाही, सवय आहे."

सवय होती, पण छाती त्यांचीच होती. काही वर्षांनी ती शिट्टी वाजवायला लागली. डॉक्टरांनी बजावलं, "त्या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही." काका अंगणात स्टुलावर बसून डब्यांना लेबलं चिकटवू लागले. वाकडी चिकटवायचे, मुद्दाम. मी खिडकीच्या कट्ट्यावर असायचो, मला दिसायचं. आत दादांनी कसंबसं मशीन सुरू केलं की हातातलं लेबल तसंच राहायचं आणि ते खोलीकडे बघत बसायचे. फार वाईट वाटायचं.

दादा म्हणाले, "दुसरा माणूस ठेवू. तरणाताठा, दणकट छातीचा."

"आणि त्याची छाती गेली की तिसरा ठेवायचा का?" ताई म्हणाली. ताई म्हणजे दादांची लेक, रसायनं शिकून आलेली. त्याच दिवशी तिने काकांना सांगितलं, "वास नसलेला गोंद करते. तुमच्याच मशीनवर होईल असा. मग तुम्ही आत या."

काका हसले. "चिमे, आधी करून तर दाखव."

तिने दुधासारखं दिसणारं, पाण्यात कालवलेलं एक चिकट द्रावण घेतलं. त्यात खडूची पूड घातली. ना आच, ना धूर, ना वास. पण पूड कमी घातली की गोंद पातळ, आणि मी धप्प. जास्त घातली की तो इतका घट्ट, की मशीन कण्हायचं, पट्टा घसरायचा, आणि पातं जागच्या जागी रुतून बसायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मोठं मशीन आणायची ऐपत नव्हती. आणि काकांना ते मशीन सोडून दुसरं नको होतं.

मित्रांनो, तिची चिकाटी बघून मी लोखंड असून वितळायची वेळ आली. मी पडलो की ती मला उचलायची, वाळू झटकायची आणि पुन्हा कामाला लागायची. बाहेर काका माझा आवाज ऐकायचे. "पडला वाटतं," एवढंच म्हणायचे आणि पुढचा डबा घ्यायचे. त्यांना सगळं कळत होतं. मला माझ्याच वजनाची लाज वाटायची.

एकदा ती वैतागून अंगणात गेली आणि काकांना खोकी भरू लागली. मोठे गोल डबे खोक्यात बसले, पण मधे फटी राहिल्या. काकांनी त्या फटींमध्ये छोट्या डब्या सोडल्या. खोकं गच्च भरलं, तरी एकही डबा अडला नाही. ताई हातातला डबा धरून तशीच उभी.

"काय झालं गं?"

"काका, खडू सगळा एकाच जाडीचा कशाला घ्यायचा?"

"मला काय विचारतेस? मी लेबलवाला."

तिने जाड खडू घेतला, मागून अगदी बारीक खडू घातला. जाड कणांच्या फटींत बारीक कण जाऊन बसले. पूड भरपूर मावली, पाणी थोडंच लागलं, आणि मशीन आपलं गपगुमान फिरत राहिलं. इतकं सोपं, की कुणीही बनवावं! पण सुचायला ताईच लागली.

मग तिने फरशी दाबली आणि मला अडकवलं. आयुष्यभर मी गोंदाला हरवायला बघत आलो, त्या दिवशी मला हरायचं होतं. तरी लबाडी केली नाही. असेल नसेल ते सगळं वजन लावून ओढलं. फरशी केसभरही हलली नाही. ताई भिंतीशी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती.

बऱ्याच वेळाने अंगणातून आवाज आला, "चिमे, आज लावलं नाहीस का?"

"लावलंय काका. मघाशीच."

"मग पडल्याचा आवाज?"

"नाही येणार."

बाहेर स्टूल सरकल्याचं ऐकू आलं.

उग्र द्रावण कायमचं बंद झालं. पिंपभर नवा गोंद करायच्या दिवशी दादांनी स्वतः दार उघडलं. काका उंबऱ्यावर थबकले, मग आत आले. मशीनच्या पाठीवरून हात फिरवला, बटण दाबलं. पातं फिरलं, गोंद जमत आला, आणि ते सवयीने पिंपावर वाकले. लांब श्वास घेतला. मग घाबरून ताईकडे बघितलं.

"चिमे, मला वास येत नाहीये. छाती गेली तसं माझं नाकही गेलं काय?"

"नाही हो काका. याला वासच नाही."

काकांनी पुन्हा श्वास घेतला. आणखी एकदा घेतला. ताईने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. काका तिच्याकडे न बघता भावाला म्हणाले, "दादा, लेबलं आता तू लाव. आणि सरळ लाव."

आता नवीन यंत्रं आली आहेत, पकड किती हे आकड्यात सांगणारी. मला क्वचितच उचलतात. त्याचं दुःख नाही. फक्त एक करा, मित्रांनो. एखादी वस्तू घट्ट धरून राहिली की तिचं कौतुक जरूर करा, पण ती बनवताना कुणाचा श्वास तर गेला नाही ना, तेवढं विचारत जा.