शंभर टक्क्यांचा बोर्ड

धुळ्याच्या देवपुरातल्या तोताराम पेंटरचं अक्षर असं देखणं, की ट्रकवाले गाडीच्या मागची फळी रंगवायला त्याच्याकडे नंबर लावून बसायचे. पण १९९०च्या माघात धुळ्याबाहेरच्या चौफुलीवर उड्डाणपुलाचं काम निघालं, बोर्ड रंगवायचं बोलावणं आलं आणि तोताराम एकदम सरकारी माणूसच झाला. निळ्यावर पांढरं : 'काम प्रगतिपथावर आहे. प्रगती ५ टक्के.' आकडा तेवढा दर महिन्याला पुसून नवा काढायचा. त्या दिवशी चौफुलीवर एक खड्डा आणि एक फोडलेला नारळ होता. पाच टक्के बहुधा नारळाचे असावेत.

आकड्याची चिठ्ठी मुकादम मगन आणायचा. श्रावणात चाळीसची आली. खड्ड्यात पाणी साचून म्हशी निवांत बसल्या होत्या.

"मगनभाऊ, चाळीस कोठे दिसत नही," तोताराम चाचरत म्हणाला.

"तुले खड्डा दिसस, साहेबले कागद दिसस. तू पेंटर शे का इंजिनेर?"

तोताराम पेंटरच होता. त्याने चाळीस काढले, चाराला छान शेपूट दिलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि आपल्याच अक्षरावर त्याचा विश्वास बसला. एवढं सुबक काढलेलं खोटं कसं असेल?

चौफुलीपलीकडच्या खेड्यात त्याची आई भिकुबाई राहायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रस्ता खणण्याआधी धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "अजून कच्चा आहे. दिवाळीपर्यंत पिकेल. तेव्हा लगेच आणा, अजिबात थांबू नका." पुढे रस्ता खणला गेला, गावची एस.टी. बंद झाली. उरला तो शेतांतून काढलेला वळणरस्ता, बैलगाडीच तगेल असा.

दिवाळीत भिकुबाई पणतीऐवजी जमिनीवर तेल ओतायला लागली. शेजारचे लोटनआबा म्हणाले, "तोताराम, मनी गाडी जुपू का? सकायले निंघू." तोतारामला ते लागलं. सरकारी बोर्डाच्या पेंटरची आई बैलगाडीत धक्के खात जाणार? शिवाय कालच त्याने स्वतःच्या हाताने सत्तर काढले होते.

"आई, सत्तर टक्के व्हयना पूल. संक्रांतले तुले रिक्षामा बसाडीसन पूलवरथून लई जासु."

"तू म्हनस ते खरं, भाऊ," म्हातारी म्हणाली.

संक्रांतीला बोर्डावर पंच्याऐंशी झाले. खांब मात्र खरोखर उभे राहिले, अगदी सहाच्या सहा. भिकुबाईचा डावा डोळा ठणकायला लागला होता, ती पदराचा बोळा त्यावर दाबून बसायची. तोताराम तिला समजवायचा, आते पंधराच राहिनात. दोन्हीपैकी खरी प्रगती मोतीबिंदूचीच चालली होती, पण त्याचा बोर्ड कोणी लावला नव्हता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी शंभर टक्के झाले. पूल वर होता, हे मान्य केलंच पाहिजे. त्यावर चढायचे दोन्हीकडचे रस्ते तेवढे यंदाच्या कामात धरले नव्हते. साहेब बांबूच्या शिडीने वर गेले आणि फीत कापून त्याच शिडीने जपून खाली आले. सुबक अक्षराबद्दल तोतारामला नारळ मिळाला.

आखाजी झाल्यावर लोटनआबांनी कोणाला न विचारता गाडी जुंपली. वळणरस्त्याने भिकुबाईला धुळ्यात पोचायला सव्वा तास लागला. फक्त सव्वा तास. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि बॅटरी खिशात ठेवली.

"दिवाळीत यायला हवं होतं. डावा गेला. उजव्याचं बघू, परवा घेऊन या."

आईचा डोळा आपण एका आकड्यापायी घालवला, हे तोतारामला लख्ख कळलं. त्याला स्वतःच्या हातांची किळस आली. परतताना तो गाडीत आईशेजारी बसला.

चौफुली आली. ट्रकांच्या आवाजावरून भिकुबाईने ओळखली.

"कितला व्हयना रे पूल?"

"शंभर टक्के."

"तू लिखं?"

"हाव."

म्हातारीचा चेहरा खुलला. "पुरा व्हयना म्हनजे!"

तेवढ्यात बैलांनी माना खाली घातल्या, गाडी वळणरस्त्यावर कलली आणि तिने घाबरून त्याचा दंड धरला.

"मंग भाऊ, आपली गाडी खड्डामा काबर उतरी राहिनी?"