घोंगडीला लागलेली कुसळं

कोकिळेने ढवळी मेंढीचा जबडा उघडून पाहिला. जिभेखाली, हिरडीत, गालाच्या आतून, जिथे पाहावं तिथे कुसळं रुतलेली!

"माय वं, हिचंही तोंड सुजलं!"

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढचा उन्हाळा. केळापूरच्या अलीकडच्या टेकड्या चैतातच बोडक्या झाल्या होत्या. बाप उकंडा मोठा कळप घेऊन पैनगंगेकडे चारायला गेलेला. नुकत्याच व्यालेल्या, लांब चालू न शकणाऱ्या नऊ मेंढ्या तेवढ्या कोकिळेवर आणि तिच्या मायवर, मैनाबाईवर, सोपवलेल्या. जाताना म्हणाला होता, "हे जगल्या तं पुढं कळप राहीन. गंजी हाये न, भेव नाही."

गंजी होती, पण कुसळी गवताची. हे गवत दसऱ्याच्या आगेमागे, कोवळं असतानाच कापायचं असतं. नेमकी तेव्हाच कोकिळेची सातवीची सहामाही आली. "आठ दिवस थांब न माय, पेपर होऊ दे," असा तिने लाडीगोडीने हट्ट धरला आणि माय थांबली. आठाचे वीस दिवस झाले. विळा लागला तोवर गवताच्या शेंड्यांना सुया पिकल्या होत्या.

शेजारची शकुबाई कुडावरून डोकावली. "काहून वं कोकिळे, गणितात पहिला नंबर आलता म्हनं तुहा? मंग पुस्तकच चार न मेंढ्यायले!"

एरवी कोकिळेने तिला असं उत्तर दिलं असतं की बस! पण यात खोटं कुठे होतं?

गावातल्या किसनरावांच्या गोठ्यातलं शेण काढून मैनाबाईने दोन पोती तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, मिळवलं होतं. त्यातलं आता टोपलंभर उरलं होतं. गवत झटकावं तर कुसळं उडून पुन्हा त्यातच रुतत. हातांनी वेचावं तर सकाळपासून दोघींची मिळून एकच पेंढी झाली, आणि बोटं रक्ताळली. मेंढ्यांचे सड आटले. दुपारी एक पिल्लू आईला ढुसण्या देता देताच आडवं झालं, ते उठलंच नाही.

"माह्या पेपरानं मेलं," कोकिळा म्हणाली.

"गप बस. गवत आणतो." मैनाबाईने उन्हासाठी घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली आणि गंजीतून दोन पेंढ्या कवटाळून आणल्या. खोळ काढताच ती किंचाळली. काळी घोंगडी साळिंदरासारखी काट्यांनी भरली होती. "सत्यानास! नवरात्रात हिच्यावर देव मांडते तुहा बाप!"

कोकिळा मात्र पेंढ्यांकडे पाहत होती. जी बाजू घोंगडीला घासली होती, ती साफ!

"माय, लोकरीले कुसळ धरते! मेंढीच्या अंगाले धरते तसंच! आंथर हे घोंगडी गवतावर!"

"देवाची घोंगडी हाये, पोट्टे."

"देवाले मंग मेंढ्या कायले पाहिजे?"

मैनाबाईने तिच्याकडे एकदा रागाने पाहिलं, मेलेल्या पिल्लाकडे पाहिलं, आणि घोंगडीचं टोक धरलं.

सारवलेल्या अंगणात गवत पसरून दोघींनी घोंगडी दाबत ओढली. गवत उलटवलं, पुन्हा ओढली. मग विळ्याने बारीक कापून, मिठाचं पाणी शिंपडून, उरलेल्या कुटारात कालवलं. ढवळीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. कोकिळेने तिच्या हिरडीतली कुसळं एकेक करून उपसली, पुन्हा घास पुढे केला. पुन्हा तोंड फिरवलं. "खाय न वं! पाया पडतो तुह्या!" तिसऱ्यांदा ढवळीचा जबडा हलला. कुरुम. कोकिळेला रडूच फुटलं.

सात मेंढ्या खायला लागल्या. दोन उठल्याच नाहीत, आणि आणखी तीन पिल्लंही गेली.

आठ दिवसांनी उकंडा आला, थकून घोंगडीवर टेकला आणि ओरडत उभा राहिला. "काय व्हय हे?"

कोकिळेने सगळं सांगितलं, पेपरापासून. मायला बोलूच दिलं नाही. उकंडा गोठ्यात जाऊन आला. सात मेंढ्या, पाच पिल्लं. घोंगडीतलं एक कुसळ त्याने उपटून पाहिलं. ते निघेना, मोडलं.

"देव कुठं मांडू आता?" तो पुटपुटला.

गोठ्यात मेंढ्या कुरुम कुरुम गवत चावत होत्या.

त्याने घोंगडीचं एक टोक उचललं आणि दुसरं कोकिळेपुढे केलं.

"धर. अर्धी गंजी बाकी हाये."