मागची बाजू वाचणारे भिंग

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी औषधाच्या दुकानातला सर्वांत खालचा खण उघडला गेला आणि मला बाहेर काढण्यात आले. त्याआधी सहा वर्षे आणि चार महिने मी त्या खणात पडून होतो. सोबतीला रबरबँडचा गुंता, दोन संपलेले सेल, टोपण हरवलेले पेन आणि एक किल्ली. त्या किल्लीचे कुलूप कोणते, हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हते.

मित्रांनो, मी एक भिंग आहे. वय एकेचाळीस. पितळेचे कडे, लाकडी मूठ, आणि वस्तू तिप्पट मोठी दाखवण्याची ताकद. मुठीवर एक चीर आहे, तिच्याविषयी पुढे सांगेन.

माझी काच एका लहानशा कारखान्यात घासली गेली. घासणारा कारागीर बहिरा होता. तो बोटाच्या टोकाने काच चाचपायचा आणि मान हलवायचा. तीन वेळा त्याची मान आडवी हलली, चौथ्यांदा उभी. त्यानंतर मला पितळी कडे चढले आणि मी चष्म्याच्या एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसलो. तिथून मला औषधाच्या दुकानाचे मालक घेऊन आले. त्यांना सगळे ‘मोठे’ म्हणत.

मोठ्यांकडे मी चौतीस वर्षे काम केले. मुख्य काम डॉक्टरांचे अक्षर लावण्याचे. कागदावर मुंगी शाईत बुडून चालत गेली असावी, अशा चिठ्ठ्या येत. मोठे मला त्यांच्यावर धरत, एक डोळा मिटत आणि औषधाचे नाव मोठ्याने वाचत. मुदत संपल्याच्या तारखा मी वाचल्या. एका सुताराच्या तळहातात घुसलेले कुसळ माझ्यामुळे सापडले. कुसळ निघताना त्याने हात झटकला, मी फरशीवर आपटलो आणि मुठीला चीर पडली. मोठ्यांनी ती सरस लावून बुजवली. गिऱ्हाइकांना ते सांगत, “या दुकानात शिकलेले दोनच. एक मी आणि दुसरं हे भिंग.”

मग मोठ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान त्यांच्या मुलीकडे आले. तिला सगळे ‘बाई’ म्हणतात. बाई हुशार, हाताने चटपटीत, बोलायला रोखठोक. त्यांच्याकडे फोन होता. बारीक अक्षर दिसले की त्या फोन धरत आणि दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करत. एका दुपारी काउंटर आवरताना त्यांनी मला खणात टाकले. राग नव्हता, विसरही नव्हता. माझे काम उरले नव्हते, एवढेच. मला वाईट वाटले का? वाटले. पण अंधारात काचेला करण्यासारखे काही नसते.

आता शनिवारकडे येतो. त्याआधीच्या पाच दिवसांत जे घडले ते मी खणाच्या फटीतून ऐकले. पुढचेही बरेचसे काउंटरवर ऐकलेलेच आहे. जे स्वतः पाहिले ते तसे सांगेन.

सोमवारी संध्याकाळी दुकानात दोघी आल्या. एक सतरा वर्षांची मुलगी आणि तिची आत्या. मुलगी पोहणारी, घरात तिला ‘मासोळी’ म्हणत. तिच्या गालांवर आणि कपाळावर मुरुमे होती आणि त्यांच्याभोवतीची कातडी लाल होऊन सोलवटली होती. त्या सकाळी तलावाच्या नोंदणी खिडकीवरच्या कारकुनाने तिला अडवले होते. चेहऱ्यावर काहीतरी उठले आहे, इतरांना लागेल, डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, असे त्याने सांगितले. पाच आठवड्यांनी, रविवारी, शंभर मीटरची शर्यत होती. मासोळी तिच्यासाठी दोन वर्षे पहाटे उठत होती. चिठ्ठी शर्यतीआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खिडकीवर पोहोचली पाहिजे, नाहीतर नाव कटणार.

“मग डॉक्टरांकडे जा ना,” बाई म्हणाल्या.

“जाऊन आलो,” आत्या म्हणाली. “त्या म्हणाल्या, मुरुमं कुणाला लागत नाहीत, ती चिंता नको. पण ही सोललेली कातडी आधी भरू दे, अशा चेहऱ्याला तलावाचं पाणी झोंबेल. कातडी भरली की चिठ्ठी देते म्हणाल्या. लावायचं ते साधं लावा, औषधाच्या दुकानात विचारा.”

“आत्तापर्यंत काय काय लावलं?”

उत्तर आत्याने दिले. “नऊ बाटल्या आहेत. हिच्या एका तोंडाला नऊ बाटल्यांची तोंडं. आम्हाला आंघोळीच्या खोलीत साबण ठेवायला जागा नाही.”

“आत्या, लिंबू तू चोळलंस,” मासोळी म्हणाली.

“एकदाच.”

“आणि टूथपेस्ट.”

“ती ठिपक्यापुरती,” आत्या म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला.

बाईंनी नऊ बाटल्यांची चौकशी केली. खरखरीत दाणे असलेली, झणझणणारी, चेहरा ताणून धरणारी, फुलांच्या वासाची. सगळ्या महाग, सगळ्या फोनवर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने सुचवलेल्या, आणि सगळ्या एकाच आठवड्यात सुरू केलेल्या.

“नऊ पाहुणे एकदम घरात घेतलेस,” बाई म्हणाल्या. “आता कप कुणी फोडला ते कसं कळणार?”

मासोळी पहिल्यांदा हसली. हसताना गाल ओढला गेला असावा, कारण लगेच तिच्या तोंडून बारीक ‘स्स’ निघाले.

बाईंनी सगळे बंद करायला लावले. चार दिवस फक्त साधे पाणी. त्यानंतर एका वेळी एकच वस्तू, आणि तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. त्यांनी मधल्या फळीवरून एक चंदेरी ट्यूब दिली. तिच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत ‘गंधहीन’ लिहिलेले होते. “नाजूक कातडीला वास नको,” बाई म्हणाल्या. “हे घे. चेहऱ्याला अजून नाही. आधी हातालाच.”

शनिवारी सकाळी दुकानाचे शटर अर्धेच वर गेले होते, तेव्हा मासोळी वाकून आत आली आणि तिने बाही वर केली. कोपराच्या आत नाण्याएवढा लाल डाग होता. खाजवून खाजवून तो सुजला होता.

“गंधहीनच होतं ना बाई?”

बाईंनी ट्यूब घेतली. मागची बाजू चंदेरी, अक्षर राखाडी, आणि शेवटच्या ओळी ट्यूबच्या दुमडीत गेलेल्या. त्यांनी फोन धरला. पडद्यावर फोनच्याच दिव्याचा पांढरा गोळा दिसला. दिवा बंद केला तर अक्षरे विरघळली. दोनदा, तीनदा. मग त्या खाली बसल्या आणि खण ओढला.

माझ्यावरची धूळ त्यांनी ओढणीच्या टोकाने पुसली. दुमड नखाने सरळ केली, मला तिच्यावर धरले आणि वडिलांसारखाच एक डोळा मिटला. मला जे दिसले ते त्यांनाही दिसले. घटकांच्या यादीत शेवटून चौथा शब्द होता ‘सुगंधद्रव्य’.

बाईंनी तो मोठ्याने वाचला.

“म्हणजे खोटं लिहिलंय?” मासोळीने विचारले.

“नाही. खरं लिहिलंय, म्हणून तर मी फसले.” बाईंनी ट्यूब नाकाशी नेली. “वास येतच नाही बघ. मूळ मलमाला तेलकट वास असतो, तो झाकायला दुसरा वास घालतात. नाकाला काही कळत नाही, पण कातडीला कळतं. वास येत नाही हे एक, आणि वास घातलेलाच नाही हे दुसरं. मी पुढची बाजू वाचून दिलं. चूक माझी.”

“पण चेहऱ्याला नाही लावलं ना मी,” मासोळी म्हणाली. “तुम्हीच नको म्हणालात.”

मित्रांनो, एकेचाळीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळ लोकांनी पुष्कळ चुका केल्या. चूक झाल्यावर गिऱ्हाइकासमोर उभे राहून ती आपल्या नावावर घेणारे फार थोडे पाहिले.

त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडले. बाईंनी फळ्यांवरची चेहऱ्याला लावायची सगळी मलमे खाली उतरवली आणि एकेकाची मागची बाजू माझ्याखाली धरली. एकूण सव्वीस. ‘सौम्य’ म्हणवणाऱ्या एकामध्ये कातडीला झोंबणारे मेन्थॉल निघाले. ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्यात लिंबाच्या सालीचे तेल होते. मासोळी यादी करत होती, बाई वाचत होत्या, आणि चौतीस वर्षांचा माझा सराव कुठेही गेलेला नव्हता. पितळ उन्हाने गरम झाले होते. मला थांबायचे नव्हते.

सर्वांत महागाच्या तीन बाटल्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या. शेवटी जे उरले ते सगळ्यांत खालच्या फळीवरचे होते, जिथे कापसाच्या गुंडाळ्या आणि लहान बाळांच्या वस्तू ठेवतात. पांढरी जाड ट्यूब, वर चित्र नाही, घटकांची यादी लहान, ग्लिसरीन दुसऱ्याच क्रमांकावर, सुगंधद्रव्य नाही. मधल्या फळीवरच्या ट्यूबच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात येईल एवढी स्वस्त.

“एवढं साधं?” मासोळीला ते खरे वाटेना. “माझ्या मैत्रिणी हसतील.”

“हसू देत. हसून कातडी सोलवटत नाही.”

पांढरी ट्यूब आठ दिवस कोपरावर राहिली. डाग उठला नाही. मग ती चेहऱ्यावर गेली. त्यानंतर आठवड्याभराने, तशीच हातावर तपासून, दाणे नसलेला आणि फेस कमी येणारा साधा धुण्याचा द्रव आला. तोही खालच्याच फळीवरचा. मग झिंक ऑक्साइड असलेले, उन्हात लावायचे मलम आले. ते लावल्यावर ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसे, पण आग होत नसे. कातडी शांत झाल्यावर मुरुमांसाठी डॉक्टरांनी एक औषध दिले. एक दिवसाआड, वाटाण्याएवढे. मासोळी एकदा ‘लवकर गुण यावा म्हणून’ ते दुप्पट लावून आली आणि बाईंची बोलणी खाऊन गेली.

दर शनिवारी ती येई आणि बाई माझ्यातून तिचे गाल पाहत. मी खोटे मोठे करत नाही. जे असते तेच तिप्पट दाखवतो. पहिल्या शनिवारी सोललेल्या कडा दिसल्या. दुसऱ्या शनिवारी कडा आत सरकल्या होत्या. चौथ्या शनिवारी सोललेले काहीच नव्हते. मुरुमे होती. थोडी कमी, पण होती. “ती जायला वेळ लागेल,” बाई म्हणाल्या. “पण पाणी झोंबणार नाही.”

आत्या त्या दिवशी शेजारी उभी होती. “लिंबाचं कुणाला सांगू नका,” ती हळूच बाईंना म्हणाली.

शर्यतीआधीच्या शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. चार वाजून बावीस मिनिटांनी मासोळी धापा टाकत दुकानात आली. चिठ्ठी तिच्या हातातच होती.

“कारकून घेत नाही. म्हणतो, यात ‘संसर्गजन्य आहे’ लिहिलंय.”

बाईंनी चिठ्ठी पाहिली. शाईत बुडालेली तीच मुंगी, मित्रांनो. मला गहिवरून आले. बाईंनी मला कोटाच्या खिशात टाकले, दुकान शेजारच्या शिंप्यावर सोपवले आणि दोघी निघाल्या.

मी तलाव पहिल्यांदा पाहिला. निळ्या फरशा, पाण्यावर डोलणाऱ्या दोऱ्या, ओल्या पावलांचे ठसे, आणि खिडकीच्या आत एक जाडजूड कारकून. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती.

“साहेब, हे धरा आणि पुन्हा वाचा,” बाई म्हणाल्या.

“मला दिसतं.”

“दिसतं हो. मलाही दिसत होतं. तरी धरा.”

त्याने मला धरले. माझ्याखाली ती ओळ फुगली, मुंगीचे पाय वेगळे झाले, आणि ‘नाही’चा काना कागदावर दांड्यासारखा उभा राहिला. कारकुनाने ओळ एकदा मनात वाचली. मग मोठ्याने. “मुरुमे. संसर्गजन्य नाही. पोहण्यास हरकत नाही.” त्याने शिक्का उचलला आणि दोन वेळा मारला, पहिला पुसट उमटला म्हणून.

“भिंग छान आहे हो,” तो म्हणाला. “कुठं मिळालं?”

“घरचंच आहे,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी खणात नाही. काउंटरच्या कडेला मला दोरी बांधली आहे आणि फळ्यांजवळ येणारा कुणीही मला हातात घेऊ शकतो. माझी तुम्हाला विनंती एवढीच की, वापरून झाल्यावर मला मऊ फडक्याने पुसा, शर्टाच्या बटणावर घासू नका. आणि चेहऱ्याला काही लावण्याआधी पुढच्या बाजूवर जेवढा विश्वास ठेवाल, तेवढाच वेळ मागच्या बाजूला द्या. तुमची कातडी तुमच्यासोबत आयुष्यभर राहणार आहे. तिला घाई सोसत नाही.

आज रविवार. मोतीबिंदू काढल्यापासून मोठे रविवारी दुकानात येऊन स्टुलावर बसतात. बाईही सकाळपासून कामाला हात लावत नाहीत. फोन काउंटरवर ठेवून उभ्या आहेत. दहा वाजून चोवीस मिनिटांनी फोन थरथरला. आत्याचा संदेश होता. बाई घाईघाईने हात पुसत होत्या, तेवढ्यात मोठ्यांनी फोन पुढे ओढला. अक्षर बारीक होते. त्यांनी दोरीसकट मला उचलले, फोनवर धरले, एक डोळा मिटला आणि मोठ्याने वाचले.

“उतरली पाण्यात.”

आता दहा वाजून एकतीस मिनिटे झाली आहेत. निकालाचा संदेश यायचा आहे आणि मोठ्यांनी मला अजून खाली ठेवलेले नाही.