झालंच समजा!

स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळत होता आणि भाऊंचा पारा चढला होता. प्लंबरने फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "झालंच समजा, भाऊ!" त्यालाही आता बरेच दिवस उलटून गेले होते. नळाखालची बादली मात्र इमानदारीत भरत होती.

"येतो म्हण, नाहीतर जमत नाही म्हण! माणसाला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय?" भाऊ कडाडले.

त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळं घर आत्या म्हणायचं. जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून राबून ती नुकतीच निवृत्त झाली होती. बादली रिकामी करता करता ती नुसती हसली.

भाऊंचा घरामागेच छोटा कारखाना होता. ज्या मुलांना स्वतःहून ताठ बसता येत नाही, त्यांच्यासाठी ते लाकडी खुर्च्या बनवत. पाठीला आधार, मानेला आधार, पुढे हात टेकायला फळी. माणूस हाताचा कसबी आणि जिभेचा गोड. एवढा गोड, की कुणाला 'नाही' म्हणायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. परदेशातल्या एका उपचार केंद्राने त्यांना पहिल्यांदाच खुर्च्यांची मोठी ऑर्डर दिली होती. केंद्र चालवणाऱ्या बाई व्हिडिओ कॉलवर बोलत आणि भाऊंची लेक दुभाष्याचं काम करी.

मागच्या कॉलवर बाईंनी विचारलं होतं, "खुर्च्या तयार आहेत का? घाई नाही हं, तुमच्या सवडीने."

भाऊ खुशीत म्हणाले होते, "सांग त्यांना, झालंच समजा!"

लेकीने सांगितलं, "झालं आहे." खरं तर चार खुर्च्या तेवढ्या पुऱ्या झाल्या होत्या. बाकीच्यांचे नुसते सांगाडे उभे होते. पण बाईच म्हणाल्या ना, घाई नाही! भाऊ निवांत झाले.

आज कॉल लागला तेव्हा बाईंचा चेहरा उतरलेला होता. त्या बोलत गेल्या आणि लेकीचा आवाज बारीक होत गेला.

"बाबा, त्या म्हणतात, तुम्ही झालं म्हणालात म्हणून त्यांनी जुन्या खुर्च्या दुसऱ्या केंद्राला देऊन टाकल्या. आता मुलं दिवसभर गादीवर पडून असतात. त्यांना नुसतं छत दिसतं. खुर्च्या निघाल्या की नाही, ते आज नक्की सांगा. नाहीतर त्या दुसरीकडे ऑर्डर देणार."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "आपला माइक बंद कर!" ते लेकीवर खेकसले. "झालंय असं कशाला सांगितलंस? मी 'झालंच समजा' म्हणालो होतो!"

"मग त्याला दुसरं काय सांगायचं होतं, बाबा?" लेकीचे डोळे भरून आले.

आत्या दारात उभी होती. ती आत आली आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तिच्यावर कशाला डाफरतोस? मला सांग, खुर्च्या झाल्यात का?"

"होतील गं! आपल्याकडे सगळे असंच बोलतात. ऐकणारा समजून घेतो."

"घेतो? मग सकाळी नळावरून कोण ओरडत होतं?"

भाऊंची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

"अरे, वॉर्डात ड्यूटी बदलताना मी जर म्हटलं असतं, 'औषध दिलंच समजा', तर पुढच्या नर्सने ते दिलं नसतं. रोगी बिचारा तसाच राहिला असता! तुझं 'झालंच समजा' ही तुझी इच्छा आहे रे, बातमी नाही. आपला माणूस तुझ्या आवाजावरून काय ते ओळखतो. परक्याच्या हाती नुसते शब्द पडतात. त्यावर भरवसा ठेवून ती बाई तिकडे मुलांना घेऊन बसलीय."

गादीवर पडून छताकडे बघणारी मुलं भाऊंच्या डोळ्यांपुढे आली. आपण कुणाचं मन मोडू नये म्हणून गोड बोललो, आणि शिक्षा भोगतायत ती लेकरं! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माइक सुरू कर," ते म्हणाले. "सांग त्यांना, खुर्च्या झालेल्या नाहीत. चार तयार आहेत. बाकीच्यांचे सांगाडेच झालेत, आधाराच्या फळ्या, रंगकाम आणि पट्टे राहिलेत, त्याला अजून तीन आठवडे लागतील. मी झाल्या म्हणालो, ती माझी चूक. माझ्या लेकीची नाही."

लेकीने शब्द न् शब्द सांगितला. ऑर्डर गेली, असं भाऊ धरूनच चालले होते.

मग बाई बोलल्या. "चार आजच पाठवा, म्हणतात," लेक सांगू लागली. "सगळ्यात लहान मुलांना आधी बसवू. बाकीच्यांसाठी त्या तीन आठवडे थांबतील, कारण आता त्यांना खरं काय ते कळलंय." आणि एकदम तिला हसू फुटलं. "बाबा, त्या म्हणतात, थोडी चूक त्यांचीही आहे. त्यांच्याकडे 'घाई नाही, सवडीने' हे नुसतं सभ्यपणाने म्हणतात. त्याचा अर्थ असतो, लवकर पाठवा!"

भाऊंनी कपाळावर हात मारला आणि पडद्यावर बाईही हसल्या.

वाचकहो, गोड बोलण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. घरच्या माणसांत ती खपून जाते. पण वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीच्या माणसाशी काम करताना झालं ते झालं म्हणावं आणि राहिलं ते राहिलं म्हणावं. समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ नीट कळला नसेल तर पुन्हा विचारावं. त्यात कमीपणा कसला? आदर दाखवायचा तो असाच.

चार खुर्च्या पोचल्यावर बाईंनी एक फोटो पाठवला. एक चिमुरडी खुर्चीत ताठ बसून खिडकीबाहेर बघत होती. भाऊ तो फोटो पुन्हा पुन्हा पाहत असतानाच प्लंबरचा फोन आला.

"भाऊ, तुमचं काम झालंच समजा!"

"बाबा रे, समजायचं नंतर बघू," भाऊ शांतपणे म्हणाले. "राहिलंय कशामुळे, ते सांग. मी रागावणार नाही."

पलीकडे प्लंबर घुटमळला. "खरं सांगू का? तुमचा नळ जुन्या पद्धतीचा आहे, त्याचा वॉशरच मिळत नाहीये. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, म्हणून..."

"मग नवीन नळच घेऊन ये की!"

संध्याकाळी आत्याने नळाखालची बादली उचलली ती कायमचीच.