सायलेन्सरला हार

ट्रकच्या सायलेन्सरला झेंडूचा हार घातलेला मी त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिला. उमरपाटच्या मारुतीसमोर सुकलाल नानांचा जुना ट्रक धडधडत उभा होता आणि त्याच्या मागे अर्धं गाव डोळे मिटून धूर हुंगत होतं. बायका पदर पसरून तो अंगावर घेत होत्या. एक आजोबा खोकून खोकून लाल झाले होते, पण पुढची जागा सोडत नव्हते.

"पुऱ्या तळाना वास शे!" एकजण म्हणाला.

"पुऱ्या नही रे, भजा!" दुसऱ्यानं दुरुस्ती केली.

"नैवेद्य!" ट्रकच्या पायरीवरून महाराज गरजले. "अन्नपूर्णेनं या वाहनात चूल मांडली आहे! भक्तहो, डोळ्यांना दिसतं ते खोटं, नाकाला कळतं तेच खरं!"

महाराज गावात येऊन आठवडा झाला होता. आले तेव्हा त्यांचं नाव भस्मनाथ होतं. ट्रकला वास सुटला आणि ते सुगंधनाथ झाले. एखाद्या वाहनानं साधूचं बारसं केल्याचं उदाहरण माझ्या ऐकण्यात दुसरं नाही.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. गर्दी पांगल्यावर नानांना विचारलं, "नाना, गाडीत डिझेल कुठलं भरता हल्ली?"

"बायोडिझेल, मॅडम. पुतण्यानं सुरू करून दिलं. धुळ्याहून येतं. हॉटेलात तळून उरलेल्या तेलाचं बनवतात म्हणे."

"मग धुराला गुलाबाचा वास येणार आहे का?"

नानांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला, मॅडम. लोक नारळ वाहून राहिलेत. घरात चटणीला खोबरं कमी नाही सध्या."

नारळापर्यंत होतं तोवर हसण्यावारी नेता आलं. पुढच्या आठवड्यात ट्रक बंद पडू लागला.

उमरपाटहून केळी भरून निघालं की आग्रा रोडला लागेपर्यंत एकच मोठा चढ आहे. वर जुनी चिंच, म्हणून चिंचेचा चढ. सपाटीवर गाडी मजेत चालायची. चढाला लागली की दम लागल्यासारखी करायची आणि बरोबर चिंचेखाली थांबायची. महाराजांना बोलावलं जायचं. ते लिंबू कापायचे, अर्धा तास मंत्र म्हणायचे आणि नानांनी चावी फिरवली की गाडी सुरू! पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अखेर महाराजांनी आपल्या चिंधा नावाच्या शिष्याकडून डिझेलचा फिल्टर उघडवला. आतून डांबरासारखा काळा चिकट गाळ निघाला.

"करणी!" महाराजांनी तो गाळ ताटलीत घेऊन सगळ्यांना दाखवला. "अमृतासारखं तेल काळं पडलं! आता विचार करा, गाडी थांबते त्या झाडाखाली रोज कोण बसतं?"

तिथे कस्तुरा बसायची. डोंगराकडच्या पाड्यावरची म्हातारी, भाजलेल्या शेंगा विकणारी. दुसऱ्या दिवशी तिची टोपली रस्त्याच्या कडेला उलटी पडली होती आणि अमावस्येपर्यंत चढ सोडायचा, असा निरोप तिला मिळाला होता.

मी गेले तेव्हा ती धुळीतून शेंगा वेचत होती. मीही वेचायला बसले.

"बाई, आठे चढ शे," ती मान वर न करता म्हणाली. "गाड्या हळू व्हतस, म्हणीसन मी आठे बसस. मी बसस म्हणीसन गाड्या हळू व्हत नहीत. हाई कोनले सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं. "तुम्ही उद्या महाराजांच्या प्रवचनाला या."

"तठे? माले मारतीन ना!"

"माझ्या शेजारी बसा."

महाराजांच्या मांडवामागे त्यांचा स्वतःचा डिझेल जनरेटर होता. ट्रकइतकाच जुना. त्या दुपारी चिंधाला विचारून मी त्याच्या टाकीचं झाकण काढलं आणि आत बॅटरीचा उजेड टाकला. वर्षानुवर्षं न घासलेल्या चहाच्या पातेल्यासारखा थर तळाला बसला होता. मी झाकण लावलं आणि संध्याकाळी प्रवचनात हात वर केला.

"महाराज, नानांचं तेल करणीमुळेच काळं पडलं ना?"

"निःसंशय, बेटी!"

"आणि निर्मळ यंत्रात टाकलं तर?"

"निर्मळ यंत्रात अमृत अमृतच राहतं!"

"मग तुमच्या जनरेटरपेक्षा निर्मळ यंत्र गावात कुठलं? नाना त्यात हेच तेल भरून द्यायला तयार आहेत. गावाची शंका तरी फिटेल."

मांडवात टाळ्या पडल्या. महाराजांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, एक क्षण टाळ्यांकडे पाहिलं आणि टाळ्यांवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी जनरेटरला भज्यांचा वास आला. लोक खूश झाले. महाराज जास्तच खूश झाले. मांडवात पहिल्यांदाच आलेली कस्तुरा अंग चोरून माझ्याजवळ बसली होती. अंधारून आलं तसे मांडवातले सगळे हॅलोजन लावले, लाउडस्पीकर चढवला. जनरेटरवर भार आला, म्हणजे त्याचा चिंचेचा चढ सुरू झाला.

"भक्तहो, जिथे श्रद्धा आहे तिथे ऊर्जा कधीही सं—"

ऊर्जा संपली. दिवे गेले, आवाज गेला. नानांनी मोबाइलच्या उजेडात फिल्टर उघडला आणि तीच ताटली पुढे धरली. तोच काळा चिकट गाळ.

मग माझ्या शेजारून म्हातारीचा आवाज आला, "महाराज, मी तं आठे आजच उनू. तुम्हनावर करनी कोनी करी?"

पहिल्यांदा नाना हसले. मग सगळा मांडव हसला.

हसू ओसरल्यावर मी एवढंच सांगितलं. साध्या डिझेलचा गाळ जुन्या टाकीच्या तळाला आणि कडांना वर्षानुवर्षं चिकटून बसतो. बायोडिझेल तो गाळ सोडवतं. साबणानं तेलकट कढई सुटावी तसं. सुटलेला गाळ वाहत फिल्टरमध्ये येतो आणि फिल्टर तुंबतो. सपाटीला इंजिनाला थोडं तेल लागतं, तेवढं गाळातूनही झिरपतं. चढाला जास्त लागतं, ते पोचत नाही. इंजिन उपाशी पडून थांबतं. अर्धा तास गाडी उभी राहिली की गाळ जरा खाली बसतो, तेल पुढे सरकतं आणि गाडी सुरू होते. त्या अर्ध्या तासात लिंबू कापा नाहीतर पत्ते खेळा, फरक पडत नाही.

"म्हणजे हे तेल वाईट?" एकानं विचारलं.

"तेल चांगलं आहे. टाकी मळलेली आहे. जुन्या गाडीत बायोडिझेल भरायचं तर आधी टाकी धुवा, सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदला आणि जुने रबरी पाइप काढून टाका, ते या तेलानं फुगतात. आणि एखाद्या बाईवर करणीचं बोट दाखवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा. बोट दाखवायच्या आधी फिल्टर उघडा, आणि आत काय आहे ते महाराजांना नका विचारू, मिस्त्रीला विचारा."

महाराज पहाटेच गेले. पुढच्या गावात त्यांचं नाव काय असेल, ते तिथल्या पहिल्या चमत्कारावर ठरेल.

नानांनी टाकी धुतली, पाइप बदलले. गाडी आता चिंचेचा चढ एका दमात चढते. पहिल्या खेपेला ती अशी सरसर वर गेली, तेव्हा मी कस्तुराजवळ शेंगा घेत होते. म्हातारीनं कमरेवर हात ठेवले आणि गाडीमागे ओरडली, "ओ नाना! गाडी थांबसच नही, तं मना शेंगा कोन लई?"

ट्रक वर जाऊन थांबला. नाना उतरून चालत खाली आले. त्यांच्या हातात नवी कोरी टोपली होती. ती त्यांनी तिच्यासमोर ठेवली आणि स्वतःसाठी शेंगा मागितल्या.

तेव्हापासून नानांचा ट्रक प्रत्येक खेपेला चिंचेखाली थांबतो. फक्त आता त्यासाठी नानांना ब्रेक दाबावा लागतो.